चौकटी कंस

तोगाशीने फळ्यावर जर्मेनियमचं चिन्ह काढलं, शेजारी कार्बनचं काढलं, दोघांच्या मध्ये दोन आडव्या रेघा ओढल्या आणि खडू खाली ठेवला.

"कंस राहिला," प्रयोगशाळेचे प्रमुख काशिवादे सेन्सेई खुर्चीतूनच म्हणाले. त्यांचं लक्ष चहाच्या कपाकडे होतं.

तोगाशीने खडूचा हात पँटला पुसला. काळ्या पँटवर पांढरी बोटं उमटली.

"तोगाशी-कुन, कंस."

"कंस नाहीये, सेन्सेई."

"नाहीये म्हणजे काय?"

"म्हणजे... त्यांनी हा बंध बाटलीत भरून ठेवलाय."

कोणीतरी हसलं आणि हसता हसताच थांबलं. खोलीत अकरा माणसं होती, एक रॉकेलची शेगडी होती, तिच्यावर किटली होती. दर शनिवारी सकाळी ही मंडळी नव्याने आलेली नियतकालिकं वाचायला जमत. एकाने वाचून सांगायचं, बाकीच्यांनी डुलक्या काढायच्या आणि शेवटी सेन्सेईंनी एकच प्रश्न विचारून वाचणाऱ्याला घाम फोडायचा, अशी वहिवाट होती. आज घाम आधीच फुटला होता, आणि तो एकट्या तोगाशीला फुटला नव्हता.

या प्रयोगशाळेत चौकटी कंसाला फार मान होता. कार्बन दुसऱ्या कार्बनला दोन हातांनी घट्ट धरतो, त्यात नवल नाही. जर्मेनियम अंगाने मोठा; त्याचा दुसरा हात कार्बनपर्यंत नीट पोचत नाही. तो दुहेरी बंध जुळतो न जुळतो तोच हवा, ओल, जे सापडेल त्याच्यावर झडप घालतो, आणि काहीच सापडलं नाही तर आपल्याच भाऊबंदांवर. म्हणून तो कुणी पाहिलेला नव्हता. जे पाहिलेलं नाही ते कंसात लिहायचं, हा रसायनशास्त्राचा रिवाज. मग ते होतं याला पुरावा काय? तर चंबूत तो बंध तयार करायचा आणि लगेच मेथॅनॉल घालायचं. बंध मोडतो, मागे पांढरी पूड उरते, आणि पुडीच्या घडणीवरून सांगायचं की क्षणभर का होईना, तो इथे होता. उष्ट्या कपावरून पाहुणा येऊन गेला म्हणायचं, तशातला प्रकार. काशिवादे सेन्सेईंनी सतरा वर्षं असे उष्टे कप गोळा केले होते. तेवीस शोधनिबंध, आणि तेविसांतही कंस.

विद्यार्थ्यांनी तर त्याची थट्टा करून टाकली होती. तोगाशी गेलं वर्षभर मोरिओकातल्या एका मुलीबद्दल सांगत असे, तिने विणलेला मफलर दाखवत असे, पण मुलगी कुणाच्या दृष्टीला पडली नव्हती. "आहे रे, पण कंसात आहे," असं बाकीचे म्हणत. तोच मफलर आत्ता त्याच्या गळ्यात होता आणि तो सारखा सैल करत होता.

"कुणी केलं?" सेन्सेईंनी विचारलं.

"फ्रान्समध्ये एका गटाने. आणि जर्मनीत आणखी एकाने. दोन्ही गेल्याच वर्षी."

"दोघांनी?"

"हो. वेगवेगळ्या वाटेने. बंधाच्या दोन्ही टोकांना इतके आडदांड गट लावलेत, सेन्सेई, की दोन्हीकडून सुमो पैलवान बसवल्यासारखं झालंय. आत कुणाला शिरताच येत नाही. आर्गॉनमध्ये ठेवला तर टिकतो. स्फटिक केले, क्ष-किरणांनी बंधाची लांबीही मोजली."

"आणि मेथॅनॉल?"

"घातलं की मोडतो. तत्काळ." तोगाशीने हातातल्या छायाप्रतीत पाहिलं, जणू पुढचं वाक्य तिथे लिहिलेलं असावं. "पण त्यांनी ते आधी घातलंच नाही."

किटलीचं झाकण थडथडत होतं. भिंतीशी बसलेली ओनुकी फुमिए उठली, किटली उचलली आणि तशीच हातात धरून उभी राहिली. ती इथली तंत्रज्ञ. बावीस वर्षांची असताना आली, आता सेहेचाळिसाची होती. चंबू, नळकांडी, आर्गॉनचे सिलिंडर आणि नवशिके विद्यार्थी या चारही गोष्टी न फुटू देता सांभाळणं हे तिचं काम, आणि प्रयोगही बरेचसे तिच्याच हातचे. पण शनिवारच्या बैठकीत तिने चोवीस वर्षांत कधी तोंड उघडलं नव्हतं.

"रंग कोणता आहे?" तिने विचारलं.

सगळे वळून बघू लागले.

"नारिंगी," तोगाशी म्हणाला.

सेन्सेई उठले. फळ्यापाशी गेले, खडू उचलला. हात सवयीने त्या दोन चिन्हांच्या डाव्या अंगाला गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी खडू होता तिथे ठेवला.

"उत्तम काम आहे," ते म्हणाले. "त्यांना अभिनंदनाचं पत्र पाठवायला हवं."

आणि रिकामा कप तोंडाला लावून ते चहा प्यायले.

*

बातमी वाईट होतीच, पण वेळ तिच्याहून वाईट होती. फेब्रुवारी संपत आला होता. मार्चअखेर सेन्सेई निवृत्त होणार होते आणि त्याआधी त्यांचं अखेरचं व्याख्यान होतं. निमंत्रणपत्रिका छापून, पत्ते घालून, तीनशे ठिकाणी रवाना झाल्या होत्या. त्यावर व्याख्यानाचा विषय होता: 'हाती न लागणारा बंध'. तो बंध आता फ्रान्समध्ये आणि जर्मनीत बाटल्यांतून ठेवलेला होता, आणि काशिवादे सेन्सेईंना तीनशे माणसांपुढे उभं राहून तो हाती लागत नाही असं सांगायचं होतं.

फुमिए मात्र पत्रिकांचा विचार करत नव्हती. बैठक मोडली तशी ती तळघरातल्या वह्यांच्या खोलीत गेली. वह्या सालवार लावलेल्या होत्या, आणि लावल्या तिनेच होत्या. शोवा त्रेपन्नचा, म्हणजे एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा, खण खालून दुसरा. ती गार फरशीवर गुडघे टेकून बसली आणि तिने आपल्या हाताची निळ्या पाठीची वही ओढून काढली. काय शोधायचं हे तिला नेमकं ठाऊक होतं. नऊ वर्षं ते डोक्यात कुठे दडून बसलं होतं, हे मात्र तिला कळत नव्हतं.

त्या जूनमधल्या भूकंपाचा दिवस. संध्याकाळचे सव्वापाच. चंबू स्टँडला घट्ट पकडलेला, आत नारिंगी द्रव, वर आर्गॉन, आणि तिच्या हातातल्या सिरिंजमध्ये मेथॅनॉल. सुई आत घालणार तोच इमारत हलली. या गावच्या माणसाला जमीन हलण्याचं कौतुक नसतं, पण तो भूकंप कौतुकाच्या पलीकडचा होता. सिरिंज पडली, बाटल्या पडल्या, कपाटं पडली, सगळे जिन्यांवरून खाली धावले. बस नव्हती, दिवे नव्हते. वाटेत कंपाउंडच्या भिंती रस्त्यावर आडव्या झालेल्या, आणि ती दोन तास चालत घरी गेली. सकाळी परत आली तर अख्खी प्रयोगशाळा काचांच्या खचात होती आणि तेवढा एक चंबू स्टँडला जसाच्या तसा होता. नारिंगी.

पान सापडलं.

तेरा जून. तिचं बारीक अक्षर. 'मेथॅनॉल घालता आलं नाही. सोळा तास. रंग नारिंगी, तसाच.' त्याखाली जर्मेनियम, कार्बन, मध्ये दोन रेघा. कंस तिने काढलेला नव्हता. विसरली होती की नव्हता काढायचा म्हणून नव्हता काढला, ते पानावरून कळत नव्हतं. पण कंस होता. लाल पेन्सिलीने, जोर देऊन काढलेला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. शेजारी तशाच लाल अक्षरात: 'लिथियमच्या क्षाराचा रंग आहे. मेथॅनॉल घाला.' आणि कोपऱ्यात सेन्सेईंच्या नावाचा गोल शिक्का, कारण दर शनिवारी सगळ्या वह्या त्यांच्या टेबलावर जात आणि सोमवारी शिक्का घेऊन परत येत.

तिला तो क्षणच आठवला. सेन्सेई डोक्याला टॉवेल बांधून काचा झाडत होते. तिने वही पुढे केली. त्यांनी कानावरची लाल पेन्सिल काढली, वही भिंतीला टेकवली आणि उभ्या उभ्या कंस घातले. ती म्हणाली होती, "सेन्सेई, रात्रभर तसाच आहे." ते म्हणाले होते, "ओनुकी-सान, रात्रभर काय काय तसंच राहिलंय ते बघताय ना? आवरा आधी." मग तिने मेथॅनॉल घातलं होतं. रंग गेला होता, एका क्षणात. पांढरी पूड, एक्क्याऐंशी टक्के. तो आकडा सेन्सेईंच्या चौदाव्या निबंधात छापूनही आला, कंसासकट.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा काखेतून काढून, बघून, लाल पेन्सिलीने खूण करून फोडला होता.

फुमिएने ते पान पुन्हा वाचलं. मग कळलं की आपल्याला राग आलाय. नऊ वर्षं उशिरा आलेला, पण चांगला धडधाकट राग. आपण सांगितलं होतं. आपण पाहिलं होतं, सगळ्या जगाच्या आधी, त्या दोघांच्याही आधी, आणि सांगितलं होतं. तिने पानात बोट घालून वही मिटली आणि ती जिना चढून वर गेली.

*

सेन्सेईंच्या खोलीत खोकी रचलेली होती. टेबलावर कुणीतरी भेट आणलेले हिरव्या पुरणाचे मोची, तांदळाचे मऊ गोळे, उघडेच पडले होते, कुणी खाल्ले नव्हते. सेन्सेई खिडकीशी उभे होते. बाहेर सायकलींवर बर्फ साचला होता.

"या," ते म्हणाले. "मी तुम्हालाच बोलावणार होतो. तुम्ही रंग का विचारलात?"

"आपण पाहिलाय तो, सेन्सेई."

"कुठे?"

"इथेच. भूकंपाच्या वर्षी."

ते हसले. दयाळू हसू होतं, विद्यार्थ्याची चूक पहिल्यांदा माफ करताना हसायचे तसं. "अहो, तो लिथियमच्या क्षाराचा रंग, बंधाच्या आधीच्या पायरीचा. आपल्याकडे तो नेहमीच..."

फुमिएने वही उघडून टेबलावर ठेवली, मोचीच्या डब्याच्या शेजारी.

सेन्सेईंनी चष्मा बदलला. वाकून वाचलं. मग खुर्ची मागे आहे की नाही हे न बघताच ते बसले. खुर्ची होती, हे नशीब.

"ही माझी पेन्सिल," ते म्हणाले.

"लाल पेन्सिल या इमारतीत दुसऱ्या कुणाकडे नसते."

असं बोलणं तिच्या तोंडून या खोलीत कधी निघालं नव्हतं. तिलाच ते ऐकू आलं आणि धक्का बसला. सेन्सेईंना तो बसला की नाही कळलं नाही. त्यांना आधीच एवढा बसला होता की आणखी एकाला जागा नव्हती.

"सोळा तास," ते म्हणाले. "लिथियमचा असता तर तासाभरात गेला असता... सोळा तास. मी हे वाचलं असणार. शिक्का आहे."

"हो."

"दोन्ही टोकांना आडदांड गट. त्यांचाच रेणू आहे हो हा. जवळजवळ त्यांचाच." त्यांनी कंसावरून बोट फिरवलं. लाल कण बोटाला लागले. "मी याला आत कोंडला आणि मेथॅनॉल घालायला सांगितलं. ओनुकी-सान, मी याला सतरा वर्षं शोधत होतो."

फुमिएला वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला बरं वाटेल. थोडं वाटलंही. काचा झाडणाऱ्या त्या दिवसाचा हिशेब चुकता झाल्यासारखं वाटलं, आणि ती वही उचलायला पुढे झाली. पण सेन्सेई वाचत होते, आणि वाचता वाचता, चाळीस वर्षांच्या सवयीने, त्यांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं.

तिने तळघरात पान उलटलं नव्हतं. हवं ते मिळालं होतं, म्हणून उलटलं नव्हतं.

'तीन जुलै. तोच प्रयोग पुन्हा. मेथॅनॉल घालायचं नाही.' तिचंच अक्षर. खाली तारखा, रोज एक ओळ. चार जुलै, नारिंगी. पाच जुलै, नारिंगी. सहा, सात, आठ. 'चौदा जुलै. अकरावा दिवस. नारिंगी, काहीही बदल नाही.' त्याखाली जर्मेनियम, कार्बन आणि दोन रेघा. दोन्ही बाजूंना कंस. निळ्या शाईचे, पट्टी लावून काढलेले, कोपरे अगदी काटकोनात. कंसाखाली: 'मेथॅनॉल, दोन मिलि. रंग गेला.' कोपऱ्यात शिक्का. लाल पेन्सिलीची रेघ पानावर कुठेही नव्हती.

फुमिए बघत राहिली. तिला काहीच आठवेना. मग एकदम सगळं आठवलं. सेन्सेईंचं न ऐकता पुन्हा केलेला प्रयोग, रोज सकाळी कोट काढायच्या आत जाऊन चंबू बघणं, तेव्हाचा विद्यार्थी कोंदो याच्या प्रबंधाला लागणारे आकडे, "ओनुकी-सान, शुक्रवारपर्यंत द्याल ना?" असं त्याचं अजिजीने म्हणणं. आणि पट्टी. खणातून काढलेली स्टीलची पट्टी. कंस काढताना आपण काय विचार करत होतो, तेवढं आठवेना. बहुधा काहीच नाही. फूल काढावं तसे तिने ते कंस काढले होते, नीटनेटके.

"इथे माझी पेन्सिल नाही," सेन्सेई हळूच म्हणाले.

"नाही."

"हे तुम्ही केलंत. मी न सांगता."

"हो," ती म्हणाली. "हो, सेन्सेई."

तो मघाचा राग कुठे गेला ते तिला कळलं नाही. तेरा जूनला भूकंप होता, काचा होत्या, लाल पेन्सिल होती. चौदा जुलैला काहीच नव्हतं. लख्ख दुपार होती आणि तिचा हात होता.

सेन्सेईंनी वही मिटली आणि तिच्यावर तळहात ठेवला. आता त्यांचा चेहरा सावरला होता. दुसऱ्याचं सांत्वन करायचं काम मिळालं की माणूस सावरतो.

"मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "तुम्ही मी शिकवलं तेच केलंत. तुमचा यात काही दोष नाही. व्याख्यानाला मी पहिलं पान दाखवणार आहे, लाल कंसाचं. तीनशे लोकांना दिसू दे. दुसरं राहू दे. चूक माझी आहे, ती माझ्याच नावावर असू दे."

"हो, सेन्सेई."

"पहिल्या पानाची स्लाइड करा."

तिने कमरेतून वाकून नमस्कार केला, वही घेतली आणि बाहेर आली. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर ती थांबली. तोगाशी खालून वर येत होता.

"काय झालं, ओनुकी-सान? सेन्सेई ओरडले?"

"नाही. फार चांगलं बोलले."

"मग असा चेहरा का?"

तेवीस निबंधांत तिचं नाव कुठे नव्हतं. शेवटी बारीक टायपात 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार' असे, तेही बिननावाचे. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण अकरा सकाळी तो रंग तिने पाहिला होता. अकराव्या दिवशी पट्टी तिने उचलली होती. आयुष्यात एकदाच तिने एवढी मोठी चूक केली होती, आणि तीसुद्धा आता सेन्सेईंच्या नावावर जाणार होती.

"तोगाशी-कुन," ती म्हणाली, "ती मोरिओकाची मुलगी खरंच आहे का?"

तोगाशी कानापर्यंत लाल झाला. "आहे की."

"मग घेऊन या व्याख्यानाला. लोकांना बघू दे."

*

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी सभागृह भरलं. सेन्सेईंचे जुने विद्यार्थी टोकियो-ओसाकाहून आले होते, कंपन्यांतले, विद्यापीठांतले. कोंदोही आला होता, आता टक्कल पडलेला. पुढच्या रांगेत पाहुणे, टेबलावर फुलांची परडी. मागून चौथ्या रांगेत तोगाशीच्या शेजारी एक ठेंगणी, हसतमुख मुलगी बसली होती आणि सगळी प्रयोगशाळा माना वळवून वळवून तिच्याकडे बघत होती.

फुमिए मागे प्रोजेक्टरपाशी होती. स्लाइडा तिने काढल्या होत्या, तिनेच चकतीत लावल्या होत्या, बटणही तिच्याच हातात होतं. यादीत एक्केचाळीस स्लाइडा होत्या. चकतीत बेचाळीस.

सेन्सेई चांगलं बोलले. विषय छापलाय तो चुकलाय, असं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, आणि हशा झाला. मग ते फ्रान्सबद्दल बोलले, जर्मनीबद्दल बोलले, मनापासून कौतुक केलं. चाळिसाव्या स्लाइडला त्यांनी हात वर केला. फुमिएने बटण दाबलं.

वहीचं पान पडद्यावर आलं, दोन पुरुष उंचीचं. लाल कंस माणसाच्या दंडाएवढे जाड दिसत होते.

"शोवा त्रेपन्न," सेन्सेई म्हणाले. "तेरा जून. भूकंपाच्या संध्याकाळपासून हा बंध आमच्या प्रयोगशाळेत सोळा तास जिवंत होता. त्या दोघांच्या नऊ वर्षं आधी. हे लाल कंस माझे आहेत. हा शिक्का माझा आहे. याला मारायला मी सांगितलं."

कोंदोने तोंडावर हात ठेवला. कुणीतरी "काय?" असं म्हणालं, पण तो प्रश्न नव्हता.

सेन्सेईंनी वाकून नमस्कार केला. बराच वेळ ते वाकलेलेच राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, "पुढची."

पुढची आभाराची होती. यादीप्रमाणे.

फुमिएने बटण दाबलं.

तारखा आल्या. नारिंगी, नारिंगी, नारिंगी. खाली पट्टीने काढलेले निळे कंस, नेटके, काटकोनात. पुढच्या रांगेत बसलेल्यांना आधी कळलंच नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग सेन्सेईंकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. सेन्सेई पडद्याकडे पाठ करून उभे होते. लोकांचे चेहरे बघून ते वळले.

पहिल्या रांगेतल्या एका वृद्ध पाहुण्यांनी चष्मा वर केला. "अकरा दिवस?" ते म्हणाले. "काशिवादे-सान, हे अक्षर कुणाचं?"

सेन्सेईंनी माइक तोंडाशी नेला. "हे आमच्या प्रयोगशाळेत..."

"माझं आहे," फुमिए म्हणाली.

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता, म्हणून तिला मोठ्याने बोलावं लागलं. तीनशे माना मागे वळल्या. प्रकाशाचा झोत तिच्या कोपराजवळून जात होता.

"ओनुकी फुमिए. तंत्रज्ञ." तिने पडद्याकडे बोट केलं. "तो अकरा दिवस नारिंगी होता. मी रोज सकाळी बघत होते. मग मी पट्टी घेतली, कंस काढले आणि मेथॅनॉल घातलं. मला कुणी सांगितलं नव्हतं."

सेन्सेई पडद्यासमोर उभे होते आणि त्यांची सावली पानाच्या खालच्या अर्ध्या भागावर, नेमकी त्या निळ्या कंसांवर पडली होती. ते एकदा पडद्याकडे आणि एकदा दूर मागे, अंधारातल्या तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माइक टेबलावर ठेवला आणि दोन पावलं बाजूला सरले.